आदरणीय औषधपेटीबाईंस

आदरणीय औषधपेटीबाई,

साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, काल तुम्हाला माळ्यावरून खाली उतरवलं. सध्या तुम्ही आमच्या हॉलमध्ये जुन्या चादरीवर पोट उघडं टाकून बसला आहात आणि घरातले सगळे तुम्हाला ओलांडून ये-जा करताहेत. सासूबाईंनी तुमच्यातल्या सर्दीच्या गोळ्या परस्पर स्वतःच्या डब्यात हलवल्या. त्यांच्याशी भांडायची माझी प्राज्ञा नाही. तुम्हीही मनाला लावून घेऊ नये.

तपासणीत आढळलं ते कळवते. निम्म्याहून जास्त औषधांची मुदत उलटली आहे. चिकटपट्ट्या माळ्यावरच्या उन्हाळ्याने एकमेकींना चिकटून बसल्या आहेत. डोळ्यांच्या थेंबांची बाटली कोणीतरी उघडून वापरली आणि तशीच परत ठेवली, म्हणजे ती फेकावी लागणार. कात्री नाही. कात्री कधीच नसते. मोहिमेवरून परतल्यावर ती कोणाच्या तरी घरी दुधाच्या पिशव्या कापायला लागते. आमच्या गिर्यारोहण संस्थेच्या हिशोबात 'कात्री' ही आता कायमची ओळ झाली आहे.

नव्या खरेदीत एक प्रसंग झाला, तोही सांगून टाकते. यादीत टॅडालाफिल होतं. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांमधला दाब ते उतरवतं, म्हणून ज्याच्या फुप्फुसांत पूर्वी उंचीवर पाणी झालंय अशा माणसाला डॉक्टर ते खबरदारी म्हणून देतात. पण कोपऱ्यावरच्या केमिस्टला त्याचा दुसराच उपयोग ठाऊक. त्याने चिठ्ठी वाचली, डॉक्टरांचा शिक्का पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "ताई, किती स्ट्रिप?" मोहिमेसाठी हवंय असं सांगितलं, तर त्याचा चेहरा आणखीच गंभीर झाला. आता त्या दुकानात मी खोकल्याचं औषधसुद्धा मागू शकत नाही.

यंदा लडाखात जायचं आहे. त्सो मोरिरी सरोवराच्या वरची मेंटोक शिखरं. सहा हजार मीटरच्या थोडी वरची. आपले डॉक्टरसाहेब येत नाहीत, त्यांना रजा मिळाली नाही. म्हणजे वर फक्त तुम्ही आणि मी. मी बँकेत कर्जखातं सांभाळते. माझं वैद्यकीय शिक्षण म्हणजे प्रथमोपचाराचा एक वर्ग आणि डॉक्टरसाहेबांनी तुमच्या झाकणाला आतून चिकटवलेला हाताने लिहिलेला तक्ता. म्हणून निघण्यापूर्वी तुमच्याशी जरा स्पष्ट बोलून घ्यावं म्हटलं.

तक्रार अशी की, तुमच्यामुळे माणसं नको तितकी शूर होतात. बैठकीत कोणी विचारलं, "वर कोणाला काही झालं तर?" की लगेच उत्तर येतं, "पेटी आहे ना बरोबर." घरच्यांनाही हेच सांगितलं जातं. सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तुमचं झाकण कधी उघडलेलं नसतं. डोकं ठणकायला लागलं की ते तुमच्याकडे येतात, गोळी मागतात आणि गोळी मिळाली की वर निघतात. तुमच्यातली उंचीवरची जेवढी औषधं आहेत ती सगळी मिळून एकच काम करतात, खाली उतरायला थोडा वेळ मिळवून देतात. हे तुम्ही त्यांना कधी ठणकावून सांगत नाही, हा माझा तुमच्यावरचा राग आहे. इतक्या वर्षांच्या ओळखीनंतर एवढं बोलायचा अधिकार मला असावा.

यंदा हा प्रश्न जास्त टोकदार आहे. मुंबईत समुद्रसपाटीला झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी विमानाने लेहला, म्हणजे साडेतीन हजार मीटरवर उतरतो. रक्त आणि श्वास यांना त्या उंचीची सवय व्हायला काही दिवस लागतात, तिकीट कितीही महाग असलं तरी. लेहला पहिले दोन दिवस स्वस्थ बसायचं असं सांगितलं, तर लोक दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला खिंड बघायला जातात. तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं. खरी उंची ५,३५९ मीटर, म्हणजे साधारण १७,५८० फूट. पाटी खोटी असली तरी डोकेदुखी खरीच असते, कारण साडेपाच हजार मीटरला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा होतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस आराम करावा, हा नियम डॉक्टरसाहेबांच्या तक्त्यात सगळ्यात वर, लाल शाईने लिहिला आहे.

आणि त्सो मोरिरीकाठच्या कोर्झोक गावी तर 'खाली' हा शब्दच सहज सापडत नाही. गावच साडेचार हजार मीटरवर. गढवालात कोणी आजारी पडला तर दरीने उतरत जायचं, हजार मीटर उतरलं की झाडं लागतात आणि माणसात धुगधुगी येते. इथे पठार. सरोवराच्या काठाने कितीही चाललं तरी उंची तीच. लेहकडे परतायचं तर आधी नामशांग ला ही खिंड चढायची आणि मग सिंधूच्या खोऱ्यात उतरायचं. म्हणजे ज्याला उतरवायचं त्याला आधी चढवायचं. म्हणून गाडी आणि चालक शेवटच्या दिवसापर्यंत गावातच थांबवायचे असं मी बैठकीत मांडलं. खर्च वाढेल म्हणून कुरकुर झाली. मी म्हटलं, कात्री घेऊ नका, गाडी ठेवा.

बाई, तुमच्या खानदानात मोठी माणसं होऊन गेली, हे मला मान्य आहे. फुप्फुसात पाणी होण्याच्या या आजाराला आपल्याकडे लष्करी भाषेत हॅपो म्हणतात. पूर्वी तो न्यूमोनियाच्या नावावर खपायचा. चार्ल्स ह्यूस्टन या अमेरिकन डॉक्टरने १९६० मध्ये लिहून दाखवलं की हा न्यूमोनिया नव्हे, उंचीचाच आजार आहे. हेच ह्यूस्टन १९५३ मध्ये के-टू मोहिमेचे नेते होते. तिथे साडेसात हजार मीटरच्या वर त्यांच्या तुकडीतल्या आर्ट गिल्की याच्या पायात रक्ताची गुठळी झाली. डॉक्टर शेजारी बसलेला, रोग ओळखलेला, वादळ थांबत नाही, आणि पेटीत त्यावर काहीही नाही. त्याला दोरांनी खाली सोडताना एकाचा पाय घसरला, बाकीचे ओढले गेले. पीट शोनिंगने एकट्याने सगळा भार पेलला म्हणून ते वाचले. गिल्की मात्र थोड्याच वेळात उतारावरून नाहीसा झाला.

आणि आपल्याकडे १९६२. मैदानातून थेट सीमेवर चढवलेल्या जवानांमध्ये गोळी न लागताच माणसं कोसळत होती. लष्करातल्या इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही दुखणी चिकाटीने नोंदवली. १९६५ मध्ये हॅपोवरचा त्यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला आणि १९६९ मध्ये १,९२५ जवानांच्या अभ्यासावरचा निबंध 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये. आज जगभरचे गिर्यारोहक जे पाळतात किंवा पाळत नाहीत, त्याच्या पायाशी आपले हे जवान आहेत. आपल्या पोरांना मात्र परदेशी गिर्यारोहकांची नावं तोंडपाठ असतात.

गढवालातली ती रात्र तुम्हाला आठवत असेलच. आमचे दादा, तुकडीतले सगळ्यात दमाचे, दुपारी सगळ्यांच्या आधी वरच्या तळावर पोहोचलेले. संध्याकाळी जेवले नाहीत. रात्री खोकला सुरू झाला. आडवं होता येईना म्हणून सॅकला टेकून बसले. बूट काढताना मध्येच थांबून श्वास घेत होते. डॉक्टरसाहेबांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि मग तो माझ्या कानात घातला. केसांची बट कानाजवळ धरून बोटांत चोळली तर येतो तसा बारीक आवाज, प्रत्येक श्वासाच्या शेवटी. दादा म्हणाले, "सकाळी बघू." सगळे हेच म्हणतात. डॉक्टरसाहेब म्हणाले, "सकाळपर्यंत थांबणं आपल्याला परवडणार नाही."

तुमच्यातून निफेडिपिन निघालं, एकुलता एक ऑक्सिजनचा सिलिंडर निघाला, आणि मग आमच्या सॅकांतून हेडलॅम्प. दादांची सॅक दुसऱ्यांनी घेतली. त्यांना सगळे गरम कपडे चढवले, कारण थंडीने फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांमधला दाब आणखी वाढतो. घाई करायची नाही, कारण श्रमानेही वाढतो. दहा पावलं, थांबणं, दहा पावलं. ढिगाऱ्यातून, दगडांवरून, रात्रभर. पहाटे आठशे मीटर खाली, गुजरांच्या रिकाम्या झोपडीत दादा पाठीवर आडवे होऊन घोरत होते. त्यांचं घोरणं इतकं गोड मला ना त्याआधी कधी वाटलं, ना त्यानंतर. त्या रात्रीबद्दल तुमचे आभार. पण बाई, त्या रात्री तुमच्यातल्या दोनच वस्तू वापरल्या गेल्या. बाकीचं काम पायांनी केलं.

आता डायमॉक्सबद्दल. ही गोळी वाईट नाही. मूत्रपिंडातून ती बायकार्बोनेट बाहेर टाकायला लावते, रक्त किंचित आम्ल होतं आणि शरीर जास्त श्वास घेतं. म्हणजे जी सवय चार दिवसांत व्हायची ती जरा लवकर होते. सव्वाशे मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, डॉक्टरांना विचारून, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगून. बोटांना मुंग्या येतात, कोल्ड्रिंक बेचव लागतं, रात्री तंबूची चेन उघडत-मिटत राहते. एवढं सोसलं तर झोप बरी लागते. नाहीतर उंचीवर तंबूतला जोडीदार झोपेत श्वास घ्यायचाच थांबतो, आपण अंधारात कान लावून मोजत राहतो, आणि मग तो एकदम दचकून मोठा श्वास ओढतो. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी शेजारणीला हलवून जागं केलं होतं. ती चिडली होती. उंचीवर ते नेहमीचं असतं हे मला नंतर कळलं, पण तिने माझ्याशी दिवसभर अबोला धरलेलाच.

डेक्सामेथासोनची गोष्ट मात्र वेगळी, आणि इथे मी तुम्हाला खरोखर रागावते. मेंदूला सूज आली, माणूस बरळायला लागला, तर आठ मिलिग्रॅम द्यायचं, पुढे दर सहा तासांनी चार, आणि तो उभा राहिला की लगेच उतरवायचं. ते औषध यासाठी आहे. पण अलीकडे आमची काही पोरं शिखराच्या दिवशी ते खिशात ठेवून निघतात. घेतलं की डोकेदुखी जाते, उत्साह येतो, फोटोही छान येतात. सवय मात्र रक्ताला झालेलीच नसते. औषधाचा असर उतरला किंवा गोळी संपली की दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर येतं, तेही जिथून उतरणं सगळ्यात कठीण अशा ठिकाणी. एका शिबिरात एकाने मला सांगितलं, "काकू, हा आमचा इन्शुरन्स आहे." त्याला मी चहा दिला आणि गोळ्या काढून घेतल्या. तुम्ही मात्र त्याला त्या आधीच मुकाट देऊन बसला होता.

ऑक्सिमीटरचंही तेच. कोविडने ते यंत्र घराघरात पोहोचवलं, आणि आता प्रत्येक जण रात्री जेवणानंतर बोट घालून आकडे वाचून दाखवतो. पाच हजार मीटरवर धडधाकट माणसाचा आकडा ऐंशीच्या आसपास येतो. घरी तो आला असता तर रुग्णवाहिका बोलावली असती. गार बोटांनी आकडा आणखी खोटा येतो. मग ज्याचा आकडा मोठा तो मिरवतो आणि ज्याचं डोकं दुखतंय पण आकडा चांगला आहे, त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मला डॉक्टरसाहेबांची दोरीची परीक्षा आवडते. जमिनीवर दोरी ताणून ठेवायची आणि टाचेला चवडा लावत तिच्यावरून चालायला सांगायचं. मेंदूला सूज यायला लागली की माणूस हसत-खेळत बोलतो, पण दोरीवरून चालता येत नाही. या परीक्षेला बॅटरी लागत नाही. नाक्यावरून पिऊन आलेल्यांवर आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका जवळपास हीच परीक्षा घेतात.

एवढं सगळं असूनही माणसं लपवतात, आणि त्यात तुमचा दोष नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. कोणी मोहिमेसाठी पीएफमधून पैसे काढलेले असतात. कोणाची बिनपगारी रजा. कोणाच्या गल्लीत सत्काराचा फ्लेक्स आधीच छापून तयार, खाली नगरसेवकांचा फोटो. अशा माणसाने "माझं डोकं दुखतंय" हे शब्द कसे उच्चारायचे? तो तुमच्याकडे मध्यरात्री येतो, कोणाला न कळता क्रोसिन घेऊन जातो. म्हणून यंदा असं ठरवलं आहे की तुमची किल्ली माझ्याकडे राहील, आणि गोळी हवी असेल त्याने मला जागं करायचं. मी झोपेत चिडते, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी यायचं.

हमाल आणि स्वयंपाकी मात्र लपवत नाहीत. त्यांना कोणी विचारतच नाही. "त्यांना सवय असते" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते कोणी उच्चारलं तर उत्तर देण्याआधी मी दहा अंक मोजते. पाठीवर ओझं घेऊन चढणारा, खालच्या डोंगरांतून मजुरीला आलेला नेपाळी पोरगा आमच्याइतकाच उंचीला नवा असतो. एकदा बर्फावर दिवसभर चष्म्याशिवाय चालल्यामुळे एकाचे डोळे रात्री इतके सुजले की त्याला उघडता येईनात. उन्हातला अतिनील प्रकाश दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी वाढतो आणि बर्फ तो खालूनही परत फेकतं. बुबुळाच्या वरचा पापुद्रा भाजतो आणि वेदना काही तासांनी सुरू होतात. आपण त्याचे डोळे झाकले, वेदनाशामक दिलं, दोन दिवसांत तो बरा झाला. पण तुमच्यात जादा गॉगल नव्हता. यंदा पाच घेतले आहेत. संस्थेचे खजिनदार विचारत होते, हे औषधात कसे धरायचे. धरा म्हटलं.

गावांत तुमची कीर्ती आमच्या आधी पोहोचते, हे मात्र मला फार सुखावतं. शेवटच्या गावात तंबू लागले की बायका-माणसं येऊन बसतात. चुलीच्या धुराने लाल झालेले डोळे, ओझ्यांनी झिजलेले गुडघे, वर्षानुवर्षांची पोटदुखी. लडाखमधल्या चांगथांग पठारावरच्या एका आजींनी गुडघ्यावर मलम लावून घेतलं आणि निघताना ओंजळभर छुर्पे दिलं, सुकवलेलं चीज, दातांची परीक्षा बघणारं. मलमाने त्यांना एक रात्र बरं वाटलं असेल. त्यापलीकडे तुमच्यात त्यांच्यासाठी काही नव्हतं, आणि अँटिबायोटिकच्या चार गोळ्या देऊन अर्धवट कोर्स गळ्यात मारणं हे पुण्य नाही, हे मी डॉक्टरसाहेबांकडून शिकले. त्यापेक्षा आजारी मुलाला आमच्या परतीच्या गाडीत लेहच्या रुग्णालयापर्यंत जागा देणं जास्त उपयोगी पडतं.

किरकोळ दुखण्यांबद्दल लांबण लावत नाही. टाचेला फोड यायच्या आधी, नुसतं गरम लागायला लागलं की टेप लावायचा. फोड आल्यावर तुमच्याकडे येणाऱ्यावर मी ओरडणार आहे. मूळव्याध उंचीवर पुष्कळांना होते आणि कोणीही बोलत नाही. मलम तुमच्या कुलपाबाहेरच्या डाव्या कप्प्यात आहे, कोणाला न विचारता घ्यावं. पोट बिघडलं तर ओआरएस. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत मीठ-साखरेच्या या पाण्यावर असंख्य जीव वाचवले. आमच्या पोरांना ते "चव नाही" म्हणून नको असतं. वर पाणी पंच्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं. त्यात जंतू मरतात, डाळ मात्र शिजत नाही. कुकर घ्यायचा की नाही यावर झालेली भांडणं तुम्ही ऐकलीच आहेत.

आपण दोघी सह्याद्रीत वाढलो, हे विसरू नका. तेव्हा तुम्ही पत्र्याचा डबा होता. सोफ्रामायसिन, क्रेप बँडेज, हळदीची पुडी, आणि विंचवासाठी कोणीतरी सांगितलेला कांदा. कोकणातला लाल विंचू हृदयावर घाला घालतो, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी, प्राझोसिन, त्यावर वापरून दाखवली आणि कोकणातली कितीतरी माणसं वाचली. रायगडाच्या पायथ्याशी सापडलेलं हे ज्ञान आहे. आग्या मोहोळ उठलं तर अजूनही पळणं हाच पहिला उपचार, दुसरा ॲड्रेनालिन. कांदा मी कधीच काढून टाकला.

उरला मोठा अपघात. त्यात तुमच्याकडून माझी फारशी अपेक्षा नाही. मुंबईचे हरीश कापडिया १९७४ मध्ये नंदादेवी अभयारण्यात हिमभेगेत पडले, खुब्याचा सांधा निखळला. सोबत्यांनी त्यांना तेरा दिवस उचलून तळापर्यंत आणलं, तिथून हेलिकॉप्टर. पुन्हा चालायला शिकण्यात त्यांची दोन वर्षं गेली, आणि त्यानंतरही ते अनेक वर्षं हिमालयात जातच राहिले. १९९२ मध्ये त्यांच्याच मोहिमेत पंचचुलीवर ब्रिटिश गिर्यारोहक स्टीफन व्हेनेबल्स यांचे पाय मोडले आणि वायुसेनेच्या वैमानिकांनी त्यांना डोंगरउतारावरून उचललं. हेलिकॉप्टर येतं ते हवा साफ असेल तेव्हा, आणि त्याला कळवता आलं तर. परवानगीशिवाय उपग्रह फोन बाळगणं आपल्या देशात गुन्हा आहे. लडाखात बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिमही चालत नाहीत. म्हणून यंदा दोन पोस्टपेड सिम, जवळच्या लष्करी चौकीचा पत्ता, आणि निरोप घेऊन पळायला दोन माणसं आधीच नेमली आहेत. प्रत्येकाचा रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं आणि घरचा नंबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून तुमच्या झाकणात ठेवला आहे. तो कागद हरवू देऊ नका.

आता विनंती. कोणी "पेटी आहे ना बरोबर" म्हणालं, तर कृपा करून तेव्हा तुमची कडी अडकू द्यावी आणि उघडायला वेळ लावावा, म्हणजे मला तेवढ्यात दोन प्रश्न विचारता येतील: रात्री झोप लागली का, आणि आता जेवणार का. शिखराच्या आदल्या संध्याकाळी तर जास्तच वेळ लावावा. मी ज्याला परत पाठवेन त्याचा चेहरा पाहून विरघळू नये. आणि ज्याचा राग माझ्यावर निघणार आहे, त्याच्यासाठी तुमच्यात एक लिमलेटचं पाकीट ठेवत आहे. त्यावर तारीख घालायची गरज नाही, ते लेहलाच संपेल.

कळावे. लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली,
औषधखात्याची कायमची सचिव

ता. क. ॲम्प्यूल गोठू नयेत म्हणून रात्री त्या माझ्या स्लीपिंग बॅगमध्ये राहतील. जागा कमी आहे, त्यांनी फार हालचाल करू नये. दुसरं असं की, दातात जुनं, सैल भरण असेल तर उंचीवर त्याखाली अडकलेली हवा आणि थंडी मिळून माणसाला रडवतात, म्हणून सगळ्यांना दातांच्या डॉक्टरांकडे धाडलं. सगळे जाऊन आले. मोहिमेच्या नेत्यांना अजून वेळ झालेला नाही. लवंगेचं तेल मोठ्या बाटलीतलं घेतलं आहे.